कॉन्टेसात दुसरं इंजिन : आरसीवर चढेल का, आणि चढलं तरी गाडीला झेपेल का?

शाहूपुरीकर, सातारा

गाडी हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा क्लासिक १.८, १९९२, एमएच ११ पासिंग. नोंदणीचं नूतनीकरण झालेलं, विमा आणि पीयूसी चालू. मूळ इसुझू इंजिन जागेवरच आहे, पण चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलंय आणि इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढलं की तिथून धूर येतो. बॉडी मात्र ठणठणीत, फ्लोअरला गंज नाही.

समोर तीन वाटा दिसतात. हेच इंजिन बोअर करून (सिलिंडर कातून) घ्यायचं, इनोव्हाचं २.० पेट्रोल बसवायचं, नाहीतर यूट्यूबवर सगळे दाखवतात ते टोयोटाचं १जेझेड (सहा सिलिंडरचं २.५ लिटर टर्बो इंजिन). तिसऱ्याचा मोह आहे, खोटं कशाला बोलू. आरटीओत याची नोंद होते का, आणि इंजिनाशिवाय आणखी काय काय बदलावं लागतं? 'होतंय की राव' सोडून माहिती द्या.

मिसळ_प्लेट

विभागाचं नाव 'जुन्या स्पोर्ट्स कार' आहे ओ. कॉन्टेसा त्यात कधीपासून?

शाहूपुरीकर

चार दारं आहेत म्हणून हाकलणार असाल तर या विभागात गोव्याची सान स्टॉर्म तेवढी उरेल.

कलम_५२

आधी कायदा, मग पाना.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचे तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा कोणताही बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठासून सांगितलं: राज्याच्या नियमांत काहीही पळवाट दिसो, मूळ कलम ५२ त्याच्या वर. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ नव्या रूपात आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द दोनदा वाचा. इंजिन, सायलेन्सर, चाकं असं वेगवेगळं मोजता येतं.

आता तुमच्या तीन वाटा. जेझेडमध्ये आरसीवर घनक्षमता १८१७ आणि बॉनेटखाली २४९१. याची नोंद होणार नाही. इनोव्हाचं १९९८ सीसी, कंपनीही वेगळी, तेही नाही. होतं ते एवढंच: त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं इंजिन, म्हणजे इसुझू १.८ च्या जागी इसुझू १.८. तिथे फक्त इंजिन नंबर बदलतो. आधी नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी घ्यायची, मग बसवायचं. परवानगीशिवाय बसलेलं असेल तर १४ दिवसांत कळवायची सक्ती त्याच कलमात आहे, पण कळवलं म्हणजे मंजूर झालं असं नाही. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती वेगळी.

तडसर_एक्सप्रेस

आवं पण रस्त्यावर एवढ्या जिप्स्या फिरत्यात बलेनोचं इंजिन टाकून. त्यांना कोण इचारतंय? अर्ध्या सांगली जिल्ह्याला म्हाईत हाय कुठल्या गाडीत काय हाय.

कलम_५२

कुणी विचारत नाही म्हणजे चालतंय असं नव्हे, भाऊ. अपघात झाला की विचारतात, आणि तेव्हा तोंड उघडायची सोय राहत नाही. ही बाजू सुलभाताई सांगतील.

सुलभा_मिरज

अपघाताच्या दाव्यात सर्व्हेअर आधी चासी नंबर आणि इंजिन नंबर पॉलिसीशी ताडून बघतो, डेंट नंतर. इंजिन वेगळं निघालं की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं. बदल आधी कळवला नव्हता, जोखीम बदलली, विषय संपला.

थर्ड पार्टीत माणूस जखमी झाला असेल तर न्यायाधिकरण त्याला पैसे मिळतील असं सहसा बघतं, पण कंपनी ते भरून मालकाकडून वसूल करण्याची परवानगी मागते. मग ती रक्कम घरादारावर येते. 'थर्ड पार्टी आहे ना' म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी लिहिलंय.

शाहूपुरीकर

ताई, धन्यवाद, झोप उडवलीत. कलम साहेब, त्याच जातीचं इंजिन जुन्या बाजारातून घेतलं तर कागद काय लागतात?

कलम_५२

वाहन पोर्टलवर 'अल्टरेशन'चा अर्ज, मूळ आरसी, विमा, पीयूसी, इंजिनाचं बिल आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी. बिलावर इंजिन नंबर छापलेला पाहिजे. 'एक नग जुने इंजिन' असं लिहिलेलं बिल रद्दीत घाला. इंजिन ज्या गाडीतून निघालं तिची आरसी रद्द झाल्याचा कागद मागा. तपासणीत चासी आणि इंजिन नंबरांची पेन्सिल छाप घेतात, म्हणून नंबराच्या पट्टीवर रंग मारू नका. घासू तर अजिबात नका. घासलेला नंबर म्हणजे चोरीचा संशय, मग प्रकरण आरटीओतून पोलिसांत.

परदेशातून आलेल्या 'हाफ कट'बद्दल (इंजिनासकट कापून आणलेल्या अर्ध्या गाडीबद्दल) कुणी विचारायच्या आत सांगतो: वापरलेल्या मालाची आयात परकीय व्यापार धोरणात निर्बंधित सदरात येते, डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) परवान्याशिवाय नाही. विकणारा 'कागद मिळतील' म्हणाला तर बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद) दाखवायला सांगा आणि त्याचा चेहरा बघा.

नटबोल्ट, कुपवाड

कायदा झाला. आता समजा ट्रॅकसाठीच करायचं ठरवलं, तर लोक कुठे आपटतात ते लिहितो.

इंजिन खाली सोडायच्या आधी संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) बघा. खोल बाजू पुढे आहे की मागे, आणि गाडीचा क्रॉसमेंबर (इंजिनाखालची आडवी तुळई) नेमका कुठे येतो? १जेझेड वेगवेगळ्या गाड्यांत वेगवेगळ्या संपनं येतं, त्यामुळे 'जेझेड बसतं' या वाक्याला काही अर्थ नाही. कुठल्या संपचं, ते विचारा. आडवं येत असेल तर संप कापा, क्रॉसमेंबरला हात लावू नका. त्यावर पुढचं सस्पेन्शन उभं आहे. संप बदलला की ऑइल पिकअपची नळीही बदलते. जाळी आणि संपचा तळ यांत ६ ते १० मिमी फट ठेवा. कमी ठेवली तर पंपाला ऑइल ओढायला जागा नाही, जास्त ठेवली तर वळणावर ऑइल बाजूला सरकताच पंप हवा खातो. आत बॅफल (ऑइल अडवणारा पत्रा) हवाच.

गिअरबॉक्स इंजिनासोबतचाच वापरता आला तर उत्तम. कॉन्टेसाचा ठेवायचा असेल तर मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते, आणि खरं पाणी इथे मुरतं. प्लाझ्मानं कापून, भोकं नजरेनं जुळवून चालत नाही. क्रँकचा मध्य आणि बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या खोक्याच्या) भोकाचा मध्य एका रेषेत पाहिजे. क्लच न लावता बेलहाउसिंग बसवा. फ्लायव्हीलवर मॅग्नेटिक स्टँड, त्यावर डायल गेज, गेजचं टोक बेलहाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला. प्लग काढून क्रँक हातानं एक पूर्ण फेरा फिरवा. काटा एकूण ०.१२ मिमीच्या वर हलला तर थांबा. प्रत्यक्ष सरक त्याच्या निम्मी असते, ती ऑफसेट डॉवेलनं (मध्य सरकवलेल्या खुंटीनं) काढता येते. हे टाळलं तर सुरुवातीला काहीच कळत नाही. मग क्लच पूर्ण दाबूनही पहिला गिअर कुरकुरतो, पायलट बेअरिंग जातं, त्यामागून इनपुट शाफ्टचं बेअरिंग बोंबलतं. लोक गिअरबॉक्स खोलत बसतात. दोष प्लेटमध्ये असतो.

प्रोपेलर शाफ्ट नव्यानं करून बॅलन्स करा. गिअरबॉक्सची मागची बाजू आणि डिफरन्शिअलचा पिनियन समांतर हवेत, दोन्ही क्रॉसचा कोन ३ अंशांच्या आत आणि दोघांतला फरक १ अंशाच्या आत. मापताना गाडी चाकांवर उभी पाहिजे. जॅकवर एक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप फुकट.

हळदगल्ली

धाग्याची खूण साठवली. कॉन्टेसा नाही, गॅरेज नाही, पाना धरता येत नाही. तरी साठवली.

घाटातला_गिअर

+१ नटबोल्ट. दोन गोष्टी जोडतो.

एक, एक्सल. १जेझेड ट्विन टर्बोचा टॉर्क ३६३ न्यूटन-मीटर, मूळ इसुझूचा साधारण १३५. पहिल्या गिअरमध्ये तो कित्येक पटींनी वाढून हाफ शाफ्टवर (चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर) येतो. मूळ एक्सल त्या हिशेबानं केलेला नाही. पॉवर म्हणजे नुसतं इंजिन नव्हे. डिफरन्शिअल, हाफ शाफ्ट आणि हब हे सगळं त्या बिलात धरा. दुसऱ्या गाडीचा एक्सल घेताना गुणोत्तर बघून घ्या. टायरचा परीघ १.९ मीटर, फायनल ड्राइव्ह ३.९ धरला तर चौथ्या, म्हणजे १:१ गिअरमध्ये दर १००० आरपीएमला २९ किमी वेग मिळतो. ०.८५ चा पाचवा असेल तर ३४. महामार्गावर १०० ला साधारण २९०० आरपीएम. जास्त आरपीएमवर फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनाला हे ठीक, कमी आरपीएमवर ओढणाऱ्या टर्बोला उगाच जास्त.

दोन, थंडावा. पसरणी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी २५-३० नं चढते, म्हणजे समोरून वारा जवळपास नाही, सगळं पंख्यावर. लांब इंजिन बसवलं की इंजिनावरच्या पंख्याला जागा उरत नाही, मग लोक एक इलेक्ट्रिक पंखा रेडिएटरच्या जाळीला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधतात. श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण) नसेल तर तो पंखा स्वतःएवढ्याच गोलातून हवा ओढतो, बाकी रेडिएटर नुसता उभा. पूर्ण श्राउड करा. आणि इंजिनाचं हेड रेडिएटरच्या तोंडापेक्षा वर येतंय का बघा. येत असेल तर हवा हेडमध्ये अडकते, गेज ९० दाखवतो आणि एका कोपऱ्यात पाणी उकळतं. सगळ्यात उंच जागी हेडर टँक (पाण्याची छोटी टाकी) टाकून हवा तिथून काढावी लागते. झाकण ०.९ बारचं, चांगल्या स्प्रिंगचं. त्या दाबाला पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. ढिल्या झाकणानं हा सगळा फायदा जातो.

ब्रेक विसरू नका. १०० वरून १४० झाले की थांबवायची ऊर्जा जवळपास दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते.

मिसळ_प्लेट

एवढं सगळं बदलल्यावर कॉन्टेसाचं काय उरलं? लोगो?

परदेशी_पाटील

मिसळराव, नेमका हाच हिशेब ब्रिटनमध्ये २०२५ पर्यंत गुणांनी करत. मूळ किंवा नवी तशीच चासी वा बॉडीशेल ५, सस्पेन्शन २, एक्सल २, गिअरबॉक्स २, स्टिअरिंग २, इंजिन १. एकूण ८ किंवा जास्त राहिले, त्यात चासीचे ५ असले, तर जुना नंबर टिकायचा. इंजिनाला फक्त १ गुण, म्हणजे नुसतं इंजिन बदलल्यानं गाडीची ओळख जात नसे. परवाना विभागाला नवा नंबर आणि क्षमता कळवायची. कॅलिफोर्निया उलट्या टोकाला: इंजिन गाडीच्या साली वा त्यानंतरचं, त्याच वर्गाच्या वाहनातलं, आणि त्याची प्रदूषण नियंत्रणाची सगळी सामग्री जागेवर.

अवांतर: कॉन्टेसा ज्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवरून आली, त्याच बॉडीत व्हॉक्सहॉलनं व्हेंटोरा नावानं ३.३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन विकलं होतं. त्यामुळे लांब इंजिनाला जागा आहे, ही अफवा नाही. एमजीनंही १९७३ ते ७६ एमजीबी जीटीत रोव्हरचा ३५२८ सीसी व्ही८ टाकला. तो अ‍ॅल्युमिनियमचा असल्यानं वजन मूळ ओतीव लोखंडी चार सिलिंडरच्या आसपासच राहिलं आणि गाडीचं नाक जड झालं नाही. जेझेडचा ब्लॉक लोखंडी आहे, पुढच्या स्प्रिंग बदलल्याशिवाय वळणात गाडी सरळच जाईल.

अँबॅसिडर_आजोबा

पाटील, त्या एमजीबीचं मूळ १७९८ सीसी इंजिन बीएमसी बी-सिरीज. आपल्या अँबॅसिडरचं आणि सुरुवातीच्या कॉन्टेसाचं १४८९ त्याच घराण्यातलं. कॉन्टेसाला नंतर इसुझू दिलं ते हिंदुस्तान मोटर्सनं. प्रीमियरनं फियाट १२४ च्या बॉडीत निसानचं ११७१ सीसी घालून ११८ एनई काढली. आपल्याकडे इंजिन बदलायचा नाद आधी कारखान्यांना लागला, पोरांना नंतर.

कलम_५२

आजोबा, कारखान्याला मान्यता घ्यावी लागते आणि ते घेतात. पोरं घेत नाहीत, एवढाच फरक.

वायरमन_वाई

कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजेक्शनचं इंजिन टाकणाऱ्यांसाठी.

इंजिन घेताना ईसीयू (इंजिनाचा संगणक), पूर्ण लूम (वायरिंगचा जुडगा), थ्रॉटल पेडल, इग्निशनचं कुलूप आणि किल्ली एकत्र घ्या. इमोबिलायझरची किल्ली ईसीयूशी बांधलेली असते. किल्ली नसेल तर इंजिन फिरेल, पेटणार नाही. लूम कापून 'लागेल तेवढं' ठेवू नका. क्रँक सेन्सरची शील्डेड वायर कापून साध्या वायरनं जोडली की ४००० आरपीएमच्या वर मिसफायर सुरू होतो, आणि मिस्त्री प्लग बदलत बसतो.

इंधन: जुना यांत्रिक पंप ०.२-०.३ बार देतो, इंजेक्शनला सहसा ३ बार लागतात. साधा रबरी होज त्या दाबाला फुगून क्लिपपाशी गळतो, तोही गरम एक्झॉस्टच्या वर. इंजेक्शनसाठीचाच होज घ्या आणि जिथे रिटर्न लाइन लागते तिथे ती द्या. टाकीत बॅफल नसेल तर अर्ध्या टाकीखाली वळणावर पंप कोरडा पडतो. पंपाच्या रिलेला इंजिन बंद पडलं की वीज तुटेल अशी सोय पाहिजे. थेट बॅटरीवर जोडलेला पंप अपघातानंतरही पेट्रोल फेकत राहतो.

अर्थिंग: इंजिन ते बॉडी जाड पट्टी, किमान १६ चौ. मिमी. नाहीतर स्टार्टरचा करंट क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परत येतो आणि केबल आतून जळते. अल्टरनेटर मोठा आला तर त्याची चार्जिंग वायरही मोठी करा.

तडसर_एक्सप्रेस

केबल जळायचं कारण आज कळलं बगा. म्हंजे नुसती ऐकीव गोष्ट नव्हती ती.

बॅटरीवाला

सगळ्यांनी एक रस्ता वगळला. इंधन बदलायला कलम ५२ मध्येच सवलत आहे: सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी, मान्यताप्राप्त किटनं. इलेक्ट्रिक किटला एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे चाचणी, पुण्यात एआरएआय ही संस्था ती करते. मग आरसीवर इंधन बदलतं, सगळं कायदेशीर.

कलम_५२

बरोबर, पण मान्यता किटला असते आणि ती ठरलेल्या गाड्यांपुरती. कॉन्टेसासाठी मंजूर किट असेल तरच. गॅरेजमध्ये जमवलेल्या मोटार-बॅटरीला ही सवलत नाही.

शिवाय २०२१ चे विंटेज नियम लक्षात असू द्या: ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी, 'व्हीए' मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नोंद १० वर्षांसाठी. त्यात चासी, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नको अशी अट आहे. १९९२ ची गाडी २०४२ नंतर त्यात बसू शकते. आज जेझेड टाकलंत तर तो दरवाजा बंद.

निव्वळ ट्रॅकसाठी? आरसी रीतसर रद्द करून गाडी ट्रेलरवर कोइंबतूर नाहीतर चेन्नईच्या ट्रॅकवर नेता येते. आरसी गेली ती गेली, हे मात्र घरी सांगून ठेवा. आणि कासच्या रस्त्यावरची 'छोटीशी टेस्ट' ट्रॅकमध्ये धरली जात नाही.

हळदगल्ली

कासला पर्यटकांच्या गर्दीत पहिल्या गिअरच्या पुढे टेस्ट होतच नाही. जेझेड काय, लुनाही तेवढीच पळते.

संपादक

'पेपरसकट जेझेड मिळेल' हा प्रतिसाद आणि त्यातला फोन नंबर काढला आहे. खरेदी-विक्री इथे नको.

शाहूपुरीकर

जेझेड रद्द, इनोव्हाही रद्द. आहे तेच करायचं. नटबोल्टराव, इसुझूचा ब्लॉक आता कुठल्या मापापर्यंत जाईल?

नटबोल्ट, कुपवाड

आधी माप, मग निर्णय. मूळ बोअर ८४ मिमी, स्ट्रोक ८२. बोअर गेजनं वर, मधे, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं माप घ्या. ओव्हॅलिटी (गोलाई बिघडणं) आणि टेपर (वर-खाली मापातला फरक) काढून ०.५० मिमी ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठ्या) पिस्टनमध्ये भागत असेल तर ते करा. मात्र आधी पिस्टन हातात घ्या, मग बोअर करा. आधी बोअर करून पिस्टन शोधणारे पुढे महिनोन्महिने इंजिन पोत्यात गुंडाळून ठेवतात. होनिंगच्या रेघा ४५ अंशांच्या आसपास एकमेकींना छेदणाऱ्या. वरच्या रिंगची फट बोअरमध्ये बसवून मोजा, ०.३० ते ०.३५ मिमी. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि बोअरला ओरखडा बसतो.

ओव्हरसाइझ संपलं असेल किंवा भेग असेल तर ब्लॉक टाकू नका, चारही बोअरला लायनर (आत बसणारी नवी नळी) घाला आणि मूळ मापावर आणा. नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक वाचला की आरसी वाचली. काही इंजिनांत नंबराची पट्टी हेडच्या बैठकीला लागूनच असते, म्हणून सरफेस करायच्या आधी ती कुठे आहे ते मिस्त्रीला बोट ठेवून दाखवा आणि फोटो काढून ठेवा.

ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचंही बघा. कार्ब्युरेटरचं डायफ्राम, फ्युएल पंपाचं रबर आणि होज बदलून इथेनॉलला टिकणारे घाला. मिश्रण थोडं पातळ होतं, मेन जेट एक नंबर वाढवून प्लगचा रंग बघा.

मिसळ_प्लेट

थांबा! ८४.५ बोअर म्हणजे १८३९ सीसी झालं. आरसीवर १८१७. कलम ५२??

कलम_५२

आकडेमोड बरोबर, गुन्हा चूक. उत्पादकाच्या दुरुस्तीच्या मापातलं ओव्हरसाइझ म्हणजे दुरुस्ती. इंजिन तेच, नंबर तोच. मशीनिंगचं बिल आरसीच्या फाइलला लावून ठेवा, पुढे गाडी विकताना उपयोगी पडेल.

शाहूपुरीकर

ब्लॉक उतरवला की कुपवाडला घेऊन येतो. येताना काय काय आणू?

नटबोल्ट, कुपवाड

क्रँक, पाचही मेन कॅप आणि कनेक्टिंग रॉड. कॅप मोकळ्या पिशवीत नकोत. ज्या जागच्या त्याच जागी, बाणाची दिशा तीच ठेवून, बोल्ट हातानं लावून आणा. अदलाबदल झाली तर लाइन बोअरिंगचा खर्च वाढतो. नवे पिस्टन मिळाले असतील तर तेही आणा, प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या त्याच्या सिलिंडरचं माप ठरवू. आणि रविवारी येऊ नका, मशीन बंद असतं.